नोंदवहीमागचा माणूस : प्रस्तावना

मराठी साहित्यात पावसाला तोटा नाही. कवितेत तो आहे, लोकगीतांत आहे, दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त तर वर्षाचे बाराही महिने आपापले रंग-गंध घेऊन आले आहेत. दुष्काळावरच्या कथा-कादंबऱ्यांनी एखादं कपाट सहज भरेल. पण काल सकाळपासून आज सकाळपर्यंत पाऊस नेमका किती पडला, हे मोजून वहीत लिहिणारा माणूस या सगळ्या पसाऱ्यात कुठं दिसत नाही. वनखात्याला मारुती चितमपल्ली लाभले. मास्तर, डॉक्टर, पोलीस अधिकारी, जिल्हाधिकारी यांची आत्मचरित्रं दरवर्षी निघतात. हवामान खात्याच्या वाट्याला आले ते विनोद. खात्यानं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हा त्यातला सर्वांत जुना आणि आता पार शिळा झालेला.

म्हणून या आत्मकथनाचं अप्रूप. लेखक निरीक्षक म्हणून खात्यात लागले. किनारपट्टी, विदर्भ आणि शेवटी पुणे अशी नोकरी झाली. निवृत्तीनंतर गावी जाऊन त्यांनी शाळाशाळांतून पर्जन्यमापक बसवण्याचं आणि पोरांना ते वाचायला शिकवण्याचं काम अंगावर घेतलं. ते महासंचालक नव्हते, संशोधकही नव्हते. त्यांच्या नावावर एकही शोधनिबंध नाही. मात्र ज्यांच्या नावावर शोधनिबंध आहेत, त्यांच्या आलेखातले कितीतरी ठिपके अशा माणसांनी भर पावसात उभं राहून मिळवलेले आहेत. हे पुस्तक वाचण्याआधी ते ठिपके आले कुठून आणि त्यांचं पुढं होतं काय, हे नव्या वाचकाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हवामानाच्या नोंदी आपल्याकडं खात्याच्या आधीपासून होत होत्या. मद्रासला अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, तर मुंबईत कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. पण ज्याची त्याची उपकरणं वेगळी, वेळ वेगळी, पद्धत वेगळी. 5 ऑक्टोबर 1864 ला कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळलं आणि हजारो माणसं बुडाली. दोनच वर्षांनी ओरिसात दुष्काळानं हाहाकार उडवला. या दोन तडाख्यांनंतर सरकारला जाग आली आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांचं नाव घेतलं जातं ते हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधल्याबद्दल. 4 जून 1886 ला पहिला दीर्घकालीन अंदाज त्यांनी दिला. माझ्या मते त्यांचं त्याहून मोठं काम म्हणजे देशभरातल्या विखुरलेल्या वेधशाळांना एका शिस्तीत आणणं. ठिकठिकाणचे आकडे शेजारी शेजारी मांडून त्यांची तुलना करता येऊ लागली ती तेव्हापासून.

पुढचा इतिहास चढउतारांचा आहे. ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन इलियट यांनी 1899 मध्ये चांगल्या पावसाचं भाकीत केलं आणि त्याच वर्षी देशात भीषण दुष्काळ पडला. मग 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. ते मुळात गणिती, हवामानशास्त्राचं शिक्षण नाही. त्यांनी जगभरातल्या वेधशाळांचे आकडे मागवले आणि कुठल्या आकड्याचा कुठल्याशी मेळ बसतो हे कारकुनांच्या फौजेकडून हातानं काढून घेतलं. त्या आकडेमोडीतून प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका हाती लागला. आज एल निनोची बातमी देताना त्याच झोक्याचा आधार घेतला जातो. खात्याचं मुख्यालय 1905 मध्ये सिमल्याला गेलं आणि 1928 मध्ये पुण्याला आलं. 1944 मध्ये ते दिल्लीला हललं, तरी शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

वॉकरांच्या आकडेशास्त्रीय परंपरेला आपल्या काळात मराठी नावही जोडलं गेलं. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेलं प्रारूप तयार केलं आणि 1988 पासून मोसमी पावसाचे अंदाज त्यावर दिले जाऊ लागले. बरीच वर्षं ते चाललं. 2002 मध्ये अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता आणि देशभरात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे 19 टक्के कमी पडला. जुलै महिना तर कोरडाच गेला. पुढच्याच वर्षी प्रारूप बदललं. हा अंदाज बांधणाऱ्यांचा एक संप्रदाय, आकडेवाल्यांचा. दुसरा संप्रदाय नकाशावाल्यांचा. एकाच वेळच्या नोंदी नकाशावर उतरवायच्या, समान दाबाच्या रेषा काढायच्या, कमी दाबाचं क्षेत्र कुठं आहे आणि उद्या कुठं सरकेल ते अनुभवी नजरेनं सांगायचं. लेखकांची पिढी या कागदी नकाशांवर पोसली आहे. तिसरा संप्रदाय संगणकाचा : वातावरणाची समीकरणं सोडवून पुढच्या दिवसांचं चित्र काढायचं. आज त्याचंच राज्य आहे, आणि ते योग्यच आहे. या तिन्हींच्या जोडीला शेतीच्या हवामानशास्त्राची शाखा पुण्यातच 1932 मध्ये एल. ए. रामदास यांच्या पुढाकारानं उभी राहिली. जमिनीलगतच्या हवेत, पिकाच्या उंचीवर काय घडतं याचा अभ्यास हे तिचं वैशिष्ट्य.

या सगळ्यांच्या आधीपासून चालत आलेला पंथ म्हणजे नक्षत्रांचा. सहदेव-भाडळी, पंचांगातली नक्षत्रांची वाहनं, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी. त्याची टिंगल करणं सोपं आहे. लेखक करत नाहीत, मीही करणार नाही. मृगात पेरणी, हस्तात परतीच्या सरी हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेलं आहे आणि वेळापत्रक म्हणून ते शहाणपणाचं आहे. यंदाच्या मृगात किती पडेल हे मात्र त्यातून कळत नाही. कोल्हा, उंदीर, बेडूक कुठल्याही वाहनावर बसून पाऊस आला तरी तो मोजावाच लागतो.

आता तो मोजतात कसा, ते जरा जवळून पाहू. वेधशाळेच्या आवारात उघड्या जागी पांढरा रंग दिलेली, झडपांची लाकडी पेटी असते. तिचं दार उत्तरेला उघडतं, म्हणजे उन्हाचा कवडसा आत जात नाही. आत चार तापमापक : कोरडा, ओला, कमाल आणि किमान. ओल्याच्या फुग्याला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं, त्याची वात खालच्या बाटलीतल्या शुद्ध पाण्यात सोडलेली. फडकं मळलं की आर्द्रतेचा आकडा बिघडतो, म्हणून ते वेळच्या वेळी बदलायचं. सकाळी साडेआठचं ऑब्झर्वेशन असलं तरी काम दहा मिनिटं आधी सुरू होतं. दार उघडून डोळा पाऱ्याच्या पातळीत आणायचा आणि दशांश आधी वाचायचा, पूर्ण अंश नंतर. कारण माणूस जवळ आला की त्याच्या अंगाच्या उबेनं, श्वासानं पारा हलू लागतो आणि पहिल्यांदा बदलतो तो दशांश. मग पर्जन्यमापकाचं नरसाळं काढून आतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा खालचा तळ वाचायचा. मान वर करून आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं. हवेचा दाब शेवटी, बरोबर ठोक्याला. प्रत्येक आकडा जागच्या जागी खिशातल्या वहीत. आत जाऊन आठवून लिहायचा नाही. मग हे सगळं पाच-पाच आकड्यांच्या गटांत बसवून तारेनं पाठवायचं. तार ही सोयच 2013 च्या जुलैत बंद झाली, पण आकड्यांचे ते गट लेखकांना अजून पाठ आहेत.

पुस्तकाचा मला सर्वांत आवडलेला भाग फुग्यांचा. वरच्या थरातला वारा मोजायला हायड्रोजन भरलेला फुगा सोडतात आणि दुर्बिणीच्या उपकरणातून ठरावीक वेळानं त्याचा कोन टिपत राहतात. रात्री फुगा दिसायचा कसा? त्याच्याखाली कागदी कंदील बांधायचा, आत मेणबत्ती. वर हायड्रोजन आणि खाली जळती मेणबत्ती, हे वाचतानाच अंगावर काटा येतो. लेखक मात्र ते रोजचं काम सांगावं तशा स्वरात सांगतात, आणि लगेच पुढच्या ओळीत वाऱ्याचा वेग देतात.

मोजमापाची ही शिस्त देशी पायावर उभी करण्याचं मोठं श्रेय अण्णा मणी यांना जातं. केरळात जन्मलेल्या, भौतिकशास्त्र शिकलेल्या या बाई 1948 मध्ये पुण्याला खात्याच्या उपकरण विभागात आल्या. साधी साधी उपकरणंही तेव्हा परदेशातून यायची. त्यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, इथं उत्पादन सुरू करवलं आणि आकडा चुकीचा असेल तर तो नकोच, हा दंडक घालून दिला. 1976 मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. लेखकांची आणि त्यांची भेट झाल्याचं पुस्तकात कुठं नाही. पण त्यांनी घालून दिलेली शिस्त पानोपानी जाणवते.

आणि जिथं शिस्त असते तिथं पळवाटाही असतात. नोंद घ्यायला कुणी गेलंच नाही, अंथरुणातूनच आकडा भरला, हे प्रकार जगभर घडले आहेत. अभ्यासकांना ते कळतात. खऱ्या नोंदींत शेवटचा अंक शून्यापासून नवापर्यंत कुठलाही येतो; मनानं भरलेल्या नोंदींत शून्य आणि पाच यांची गर्दी होते. लेखकांनी या विषयावर चार स्पष्ट परिच्छेद लिहिले आहेत. खात्यातल्या माणसानं ते लिहिले म्हणून त्यांना जास्त मोल आहे.

या पुस्तकाचा उत्तरार्ध निवृत्तीनंतरच्या स्वयंसेवेचा. तो वाचताना पुष्कळांना वाटेल की नोकरी एक, समाजकार्य दुसरं. तसं ते नाही. हवामानशास्त्र पहिल्यापासून हौशी माणसांच्या खांद्यावर उभं आहे. आपल्या तहसील कचेऱ्यांतून वर्षानुवर्षं जो पर्जन्यमापक राहिला, त्याला सायमन्सचा म्हणतात. हे जॉर्ज सायमन्स इंग्लंडात 1860 पासून पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांचं जाळं विणत होते. पाद्री, शिक्षक, माळी, जमीनदार, कुणीही चाले. अट एवढीच की सगळ्यांनी एकाच रीतीनं, एकाच वेळी मोजायचं. 1900 मध्ये ते गेले तेव्हा या जाळ्यात तीन हजारांहून अधिक निरीक्षक होते. अमेरिकेत 1890 पासून स्वयंसेवक निरीक्षकांची सरकारमान्य यंत्रणा आहे. न्यूयॉर्क राज्यातले रिचर्ड हेंड्रिक्सन नावाचे शेतकरी 1930 पासून ऐंशीहून अधिक वर्षं आपल्या शेतावर रोज नोंद घेत राहिले. कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात 1997 च्या जुलैत पूर आला. शहराच्या एका भागात ढगफुटी झाली होती आणि दुसऱ्या भागात किरकोळ सर, आणि मधलं काय ते कुणालाच सांगता येईना. त्यातून दुसऱ्या वर्षी घरोघर पर्जन्यमापक ठेवण्याची चळवळ सुरू झाली.

हे वाचून मुंबईकराला 26 जुलै 2005 आठवल्याशिवाय राहणार नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला 75 मिलिमीटरही नाही. एकटा कुलाब्याचा आकडा हाती असता तर त्या दिवशी मुंबईत बरा पाऊस झाला, एवढंच इतिहासात राहिलं असतं.

महाराष्ट्रात पाऊस मोजण्याला गावच्या कारभारात जागा मिळाली ती पाणलोटाच्या कामांमुळे. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या पुढाकारानं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला त्यावरून पुढं कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारावर एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी लिटर. लेखक सातवीच्या पोरांकडून हाच हिशेब फळ्यावर करून घेतात, आणि पोरं घरी जाऊन बापाला विचारतात की मग उसाला किती लागतं? त्या प्रश्नानं गावात झालेली खळबळ पुस्तकात मुळातून वाचावी.

आता या मोजमापाची एवढी निकड का? एक कारण उघड आहे. हवामान खात्याच्या अंदाजावर पूर्वी विनोद व्हायचे, आता निर्णय होतात. 1999 मध्ये ओडिशात महाचक्रीवादळानं सुमारे दहा हजार बळी घेतले; 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवलेले होते आणि बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. कोकणात 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ आलं. त्यात घरं, वाड्या, बागा झोपल्या, पण आगाऊ इशाऱ्यानं माणसं वाचली. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या ओढून घ्यायच्या, ही जुनी रीत आता मोबाइलवरच्या लाल-नारिंगी इशाऱ्यांपर्यंत आली आहे.

दुसरं कारण शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांची चाकं फिरू लागतात. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी राहिली हे चांगलंच झालं. तरीही एका मंडळात कितीतरी गावं येतात. केंद्राच्या गावात 60 आणि डोंगरापलीकडच्या गावात 90 पडला, तर त्या डोंगरापलीकडच्यानं काय दाखवायचं? शाळेच्या पटांगणातली वही सरकारदरबारी पुरावा ठरत नाही, हे लेखक जाणून आहेत. पण वही असेल तर निदान बोलायला तोंड असतं.

त्यातच व्हॉट्‌सॲपवर रोज नवा हवामानतज्ज्ञ उगवतो. आठवडाभर ‘राज्यात मुसळधार’ म्हणत राहायचं, कुठंतरी पडतोच, मग आपलंच खरं. पाऊस स्वतः मोजणाऱ्या माणसाला अशी थाप मारणं अवघड असतं. निवृत्तीनंतरही मराठीतून समजावून सांगणारे जबाबदार लोक आपल्याकडं आहेत. खात्याचे माजी महासंचालक डॉ. रंजन केळकर यांचं लेखन किंवा माणिकराव खुळे यांचे वर्तमानपत्रांतले खुलासे अनेकांच्या परिचयाचे असतील. हे पुस्तक त्यांच्या पंगतीत बसणारं नाही आणि बसू पाहतही नाही. ते अंदाज सांगत नाही. अंदाज ज्यावर उभा राहतो ती जमीन दाखवतं.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. तापमान वाढतंय की नाही, पाऊस सरकतोय की नाही, हे ठरतं दीर्घकाळच्या नोंदींवरून. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी 1961 ते 2010 च्या नोंदींवरून 88 सेंटिमीटर निघत होती, 1971 ते 2020 च्या नोंदींवरून ती 87 निघते. एवढ्याशा फरकाचा अर्थ लावायचा तर प्रत्येक केंद्राची कुंडली माहीत हवी. पेटी कुठल्या साली हलवली? शेजारचा गुलमोहर कधी वाढला आणि पर्जन्यमापकावर त्याची सावली कधी पडू लागली? बाजूला तीन मजली इमारत कधी उठली? कुलाब्याला ट्रामच्या विजेच्या तारा येणार म्हणून तिथली चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला नेली. ते मोठं स्थलांतर होतं, त्याची नोंद झाली. लहानसहान बदल मात्र बऱ्याचदा फक्त तिथं नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात असतात. यंत्रं आली, ऑब्झर्वरची पदं कमी होत चालली, आणि ही आठवण त्या पिढीबरोबर चालली आहे. लेखकांनी आपण काम केलेल्या प्रत्येक वेधशाळेचं आवार, झाडं-भिंतींसकट, शब्दांनी रेखाटून ठेवलं आहे. काही वाचकांना ती पानं कंटाळवाणी वाटतील. हवामानबदलाच्या अभ्यासकाला ती सोन्यासारखी वाटतील.

पुस्तकात उणिवा आहेत. रात्रपाळ्या आणि बदल्या यांत घरच्यांचं काय झालं, हे लेखक दोन-तीन वाक्यांत उरकतात. ज्या माणसाला ढगाच्या आठव्या हिश्श्याचा हिशेब ठेवता येतो, त्यानं घराविषयी इतकं त्रोटक असावं याची चुटपुट लागते. बढत्यांच्या राजकारणावरही ते मौन पाळतात. शब्द मोजून वापरण्याची खोड नोकरीतून आली असावी. पण याच खोडीमुळे पुस्तकात एकही फुगवलेलं वाक्य नाही, आणि निवृत्तांच्या आत्मकथनांत हा गुण मी क्वचितच पाहिला आहे.

वाचकाला एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी हवामान खात्यातून किंवा तहसीलच्या पर्जन्यमापकावरून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडं जुन्या डायऱ्या, खिशातल्या नोंदवह्या, वेधशाळेच्या आवाराचे फोटो आहेत का ते विचारा. असतील तर रद्दीत घालू नका. फोटोमागं साल आणि गाव लिहून घ्या, कुठल्या दिशेनं काढलाय तेही विचारून ठेवा. वह्यांची छायाचित्रं काढा आणि मूळ प्रती पुण्याच्या हवामान खात्याच्या कार्यालयाला किंवा जवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला दाखवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होण्याजोगं आहे.